लहान मुलांसाठी घरच्या घरी, कमी खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येण्यासारखा असेल तेथे उत्तर पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रुपयांतले हिशेब उदाहरणादाखल केलेले असून आपल्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत.

१. घरी केलेल्या वस्तू खरोखरच स्वस्त पडतात का? सुरुवात कशापासून करावी?

काही पडतात, काही मुळीच पडत नाहीत. बाळाची दुपटी, लंगोट, वरचे अन्न आणि खेळणी या चार गोष्टींत घरी करण्याने ठळक बचत होते, कारण त्यांचा कच्चा माल बहुधा घरात आधीच पडून असतो. याउलट, विणलेले स्वेटर किंवा शिवलेले झबले यांसाठी नवी लोकर आणि नवे कापड आणावे लागले, तर बाजारातली तयार वस्तूच अनेकदा स्वस्त ठरते. अशा वस्तू हौसेने कराव्यात, बचतीच्या खात्यात मांडू नयेत. सुरुवात एका जुन्या सुती साडीपासून करावी (प्रश्न २). त्यात चुकले तरी नुकसान काहीच होत नाही.

२. बाळासाठी कोणते जुने कापड चालते, आणि एका साडीत काय काय निघते?

अनेक वर्षे धुऊन मऊ पडलेली सुती साडी किंवा धोतर सर्वांत उत्तम. कापड सुती आहे की मिश्र धाग्याचे, याविषयी शंका असल्यास काठाचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी बनते. जरीचा काठ आणि पदर कापून बाजूला ठेवावा, कारण जरीच्या तारा बाळाच्या त्वचेला टोचतात.

साधी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. तिचे ५५ सेंटिमीटरचे चौकोन कापले, तर रुंदीत दोन आणि लांबीत दहा असे वीस चौकोन मिळतात. नऊवारीत अठ्ठावीसपर्यंत निघतात. हाच चौकोन तिरपा दुमडला की तिकोनी लंगोट झाला. कडा मुडपून धावदोरा घातला तर धागे सुटत नाहीत, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण सुटलेला लांब धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट काळेनिळे पडल्याची उदाहरणे बालरोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. उरलेल्या पट्ट्यांची लाळेरी होतात, आणि अगदी चिंध्या उरल्या तर त्या बाहुलीच्या पोटात जातात (प्रश्न ११).

बारशापर्यंत बाळाला नवे कपडे न घालता दुसऱ्या मुलाचे वापरलेले घालायचे, ही पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्यामागे कोणी काहीही कारण सांगो, नव्या कापडाची खळ आणि कडकपणा नवजात त्वचेला लागत नाही, एवढा लाभ तर उघडच दिसतो.

३. डायपर पूर्ण बंद करून लंगोट वापरले तर किती पैसे वाचतील?

समजा, दिवसाला सहा डायपर लागतात आणि एक डायपर १२ रुपयांना पडतो. दिवसाचे ७२ रुपये, म्हणजे महिन्याचे २,१६० रुपये झाले. रात्री एक आणि बाहेर जाताना एक, असे दोनच डायपर ठेवून बाकी वेळ लंगोट बांधले, तर खर्च महिन्याला ७२० रुपयांवर येतो. माझ्या मते बहुतेक कुटुंबांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा आहे. रात्रीचा डायपरही बंद केला तर आणखी ३६० रुपये वाचतात, पण त्यासाठी आईची झोप तीनदा मोडते, आणि झोपेचा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही.

लंगोट धुण्यास लागणारे पाणी मात्र हिशेबात धरलेच पाहिजे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात तेथे वीस लंगोट रोज धुणे परवडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. तशा दिवसांत कोणी डायपर वापरले तर त्याला उधळपट्टी म्हणता येणार नाही.

धुताना शीचे लंगोट वेगळे ठेवावेत, आधी गार पाण्याने खळबळून मग गरम पाण्यात साबणाने धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. हळदीसारखे पिवळे डाग उन्हातच फिके होतात. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रावणे वापरू नयेत, कारण त्यांनी कापडाची पाणी शोषण्याची शक्ती कमी होते.

४. पावसाळ्यात कोकणात, किंवा परदेशी थंडीत, लंगोट वाळतच नाहीत. काय करावे?

जाड, अनेक पदरी लंगोटाऐवजी एकेरी चौकोन वापरावेत, कारण ते घडी करून बांधता येतात आणि उलगडून लवकर वाळतात. पंख्याखाली दोरी बांधून वाळवल्यावर गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे उरलेला दमटपणा जातो. दमट लंगोट बांधल्याने बुरशीचे पुरळ येते, तेव्हा तो दिवस डायपरवर काढलेला बरा. परदेशात राहणाऱ्यांनी वाळवणीचे यंत्र बेलाशक वापरावे. सुती साडीचे कापड त्यात चांगले टिकते.

५. आजीने शिवलेली गोधडी, मोहरीची उशी आणि साडीची झोळी वापरणे सुरक्षित आहे का?

तिघांची उत्तरे निरनिराळी आहेत.

गोधडी, जिला देशावर वाकळही म्हणतात, बाळाच्या अंगाखाली सपाट व ताणून घालण्यास उत्तम आहे. पहिले वर्षभर मात्र ती झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरू नये, कारण ती तोंडावर आली तर बाळाला स्वतःहून दूर सारता येत नाही. थंडी असल्यास कपड्यांचा एक थर वाढवावा. वर्षानंतर हीच गोधडी मूल शाळेत जाईपर्यंत पुरते.

मोहरीच्या दाण्यांची उशी बाळाच्या डोक्याला गोल आकार यावा म्हणून देतात. पहिल्या वर्षात बाळाला उशीची गरज नसते, आणि उशीमुळे मान पुढे झुकून श्वास कोंडण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर कोणत्याच उशीचा सल्ला देत नाहीत. उसवलेल्या उशीतून मोहरी नाकात जाण्याची भीती वेगळीच. बाळ जागे असताना त्याला आपल्या देखरेखीखाली थोडा वेळ पोटावर खेळवले, तर डोके एका बाजूने चपटे होण्याचा प्रश्न बराच कमी होतो.

झोळीचा धोका तान्ह्या बाळापेक्षा त्याच्या मोठ्या भावंडांना अधिक असतो. चारपाच वर्षांचे मूल रिकाम्या झोळीत शिरून गिरक्या घेते, साडीला पीळ बसतो आणि गळ्याभोवती फास आवळतो. असे अपघात खरोखर झालेले आहेत. झोळी बांधायचीच असेल तर तिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर राहतील अशी आडवी काठी घालावी, ती जमिनीपासून फार उंच नसावी, बाळ झोळीत असेपर्यंत मोठे माणूस जवळ असावे आणि बाळ उठले की साडी सोडून ठेवावी. रात्रीच्या झोपेसाठी सपाट अंथरूणच योग्य.

६. उष्टावणानंतर घरी काय करून द्यावे? तयार डब्यातले अन्न जास्त पौष्टिक असते ना?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही आईचे दूध, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वरच्या अन्नासाठी आपल्याकडचे जुने खिमट आजही उत्तम आहे.

दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन कापडावर सावलीत पूर्ण वाळवावी, मंद आचेवर वेगवेगळी खमंग भाजावी, अर्धा चमचा जिरे घालून रव्याएवढी भरड काढावी. दोन चमचे भरड कपभर पाण्यात कालवून सतत ढवळत आठ-दहा मिनिटे शिजवावी आणि वर साजूक तूप घालावे. तांदूळ ५० रुपये आणि डाळ १२० रुपये किलो धरली, तर किलोभर खिमटाला गॅस वगळून सुमारे ७५ रुपये पडतात. तयार पिठाच्या डब्यावरील किंमत किलोमागे काढून पाहावी, म्हणजे फरक आपोआप कळेल. भरड एका वेळी दोन-तीन आठवड्यांपुरतीच करावी, कारण दमट हवेत तिला लवकर जाळी धरते.

तयार डब्यांत एक गोष्ट मात्र खरी असते: त्यांत लोह मुद्दाम मिसळलेले असते. नुसत्या भात-डाळीवर वाढणाऱ्या बाळाला लोह कमी पडते. त्यामुळे खिमटावर थांबू नये. शिजवून कुस्करलेली पालेभाजी, डाळी, आणि घरात चालत असल्यास अंडे, मासे, मटणाचा खिमा हळूहळू सुरू करावे. वर थोडे लिंबू पिळले की पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले असतील तर ते घरच्या अन्नाच्या भरवशावर बंद करू नयेत.

आणखी एक. भारतात १९९२ चा शिशुआहारविषयक कायदा आणि २००३ मधील त्याची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालील बाळांच्या तयार आहाराची जाहिरात करता येत नाही. तेव्हा अशा उत्पादनाची तारीफ एखाद्या हसऱ्या चित्रफितीतून आपल्यापर्यंत येत असेल, तर ती का येत आहे याचा विचार करावा.

७. नाचणीचे सत्त्व करावे की मोड आणून पीठ?

दोन्ही चांगली आहेत, पण सारखी नाहीत. सत्त्वासाठी नाचणी रात्रभर भिजवून वाटतात, वस्त्रगाळ करून निवळत ठेवतात, वरचे पाणी ओतून खालचा साका वाळवतात. ते पचायला हलके असते. मात्र नाचणीतील कॅल्शियम, जे शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम असते, त्याचा मोठा भाग दाण्याच्या सालीत असल्याने तो चोथ्याबरोबर निघून जातो. त्यामुळे सातव्या महिन्यात सत्त्वाने सुरुवात करावी आणि आठव्या-नवव्या महिन्यापासून मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या बारीक चाळलेल्या पिठाकडे वळावे. चोथा टाकून न देता मोठ्यांच्या भाकरीत मळावा. मोड आणताना आंबूस वास आला किंवा बुरशीचे तंतू दिसले तर तो घाणा बाळासाठी वापरू नये.

८. बाळाच्या खिमटात मीठ, गूळ, मध घालावा का?

एक वर्षापर्यंत मीठ आणि साखर-गूळ घालण्याची गरज नाही. मध तर एक वर्षापर्यंत बोटावरही चाटवू नये. मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो आणि मध घरचा, रानातला, शुद्ध असला तरी तो धोका टळत नाही. जन्मतःच मध-सोने चाटवण्याचा आग्रह घरात होत असेल तर सोन्याची अंगठी बाळाच्या कपाळाला टेकवून विधी पूर्ण करता येतो. अनेक घरांनी हाच तोडगा काढला आहे.

९. डब्याचे दूध फार महाग पडते. ते थोडे पातळ केले, किंवा नाचणीचे दूध दिले तर?

दोन्ही करू नये. या ठिकाणी काटकसरीला जागाच नाही. आईचे दूध अपुरे असल्याने डॉक्टरांनी डब्याचे दूध सांगितले असेल, तर ते पातळ केल्याने बाळाची वाढ खुंटते आणि जादा पाण्यामुळे रक्तातील सोडियम घटून झटकेही येऊ शकतात. नाचणी, तांदूळ, बदाम किंवा सोयाबीन यांचे घरचे ‘दूध’ पहिल्या वर्षात दुधाची जागा घेऊ शकत नाही. गाई-म्हशीचे दूधही वर्षभर मुख्य पेय म्हणून देऊ नये. खरी बचत आईच्या दुधाला मदत मिळवण्यात आहे. बाळाला पाजताना अडचण येत असल्यास आशाताई, परिचारिका किंवा सरकारी रुग्णालय यांच्याकडे पहिल्या आठवड्यातच जावे, कारण डबा एकदा सुरू झाला की आईचे दूध मागे हटत जाते.

१०. बाळगुटी, घरचे काजळ, आणि जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी: यांतले काय चालते?

बाळगुटी सहाणेवर उगाळून देण्याची पद्धत जुनी असली तरी सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काहीही नको, हा नियम तिलाही लागू आहे. वळसे मोजण्यात चूक होते, सहाण नीट धुतली जात नाही आणि जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगीत जाते. ‘गुटी दिल्यापासून शांत झोपतो’ हे कौतुक नसून कधी कधी इशारा असतो.

काजळ डोळ्यांत घालू नये. बाजारच्या काजळात आणि सुरम्यात शिसे आढळलेले आहे. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या घरच्या काजळात ते नसले, तरी बोटाने घालताना डोळ्याला जंतुसंसर्ग होतो. तीट लावायचीच तर ती तळपायाला लावावी.

मीठ-साखरेचे पाणी मात्र उपयोगी आहे, प्रमाण अचूक असेल तरच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा अधिक खारट लागली तर ते ओतून टाकून नवे करावे, कारण जास्त मीठ बाळाला घातक ठरते. चोवीस तासांनंतर उरलेले वापरू नये. पण हा अडचणीच्या वेळचा उपाय आहे. जलसंजीवनीची पुडी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते आणि तीत पोटॅशियमही असते, म्हणून दोन पुड्या घरात कायम असाव्यात. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. बाळ मलूल झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर घरी प्रयोग करत बसू नये.

११. विकतच्या खेळण्यांना पर्याय काय? घरच्या खेळण्यांनी मूल मागे तर पडणार नाही?

या शंकेचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या पालघरमधील, बोर्डी येथे ग्रामबाल शिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीची महाग साधने खेड्यातल्या मुलांसाठी आणणे शक्यच नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, मातीची भांडी अशा परिसरातील वस्तूंतून साधने उभी केली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गावातील मुले येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेण्याची तेथली कल्पना पुढे अंगणवाडी या शब्दाने देशभर पोचली. मुलाने काय हाताळले यापेक्षा त्याच्याजवळ कोण बसले होते, याला तेथे अधिक मोल होते.

वयानुसार काही सुचवतो. सहा महिन्यांच्या बाळाला स्टीलची वाटी, लाकडी पळी आणि दुपट्याच्या वेगवेगळ्या पोताच्या चिंध्यांचा जुडगा पुरतो. वर्षभराच्या मुलाला रिकामे डबे आणि त्यांची झाकणे द्यावीत, कारण झाकण लावणे आणि काढणे हाच त्या वयाचा सर्वांत गंभीर उद्योग असतो. दीड-दोन वर्षांचे मूल पातेल्यातले पाणी गाळणीने इकडून तिकडे ओतत अर्धा तास रमते. तेव्हा शेजारी बसून राहावे, पाणी बोटभर असले तरी. तीन वर्षांनंतर भातुकली, चिंधीची बाहुली, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले जोड्या लावायचे पत्ते, दिवाळीत मातीचा किल्ला आणि त्यावर पेरलेले अळीव, जे चार-पाच दिवसांत हिरवे दिसू लागते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, पिरॅमिड जोडता येतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले आणि २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची ही वाट रुळवली. काड्यांची गुल तेवढी आधी खरवडून टाकावी.

१२. घरी केलेले खेळणे सुरक्षित आहे हे कसे तपासावे? कोणत्या वस्तू अजिबात देऊ नयेत?

जाड पुठ्ठ्याची ३.२ सेंटिमीटर व्यासाची आणि साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीची नळी चिकटवून करावी. जी वस्तू तीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे, म्हणजे तेही या नळीत सहज जाते. चिंचोके, सागरगोटे, मणी, बटणे आणि काचेच्या गोट्या या कसोटीवर बाद ठरतात. शेंगदाणे आणि फुटाणे तर खाऊ म्हणूनही साधारण पाच वर्षांपर्यंत अख्खे देऊ नयेत, कूट करून द्यावे.

नळीत मावण्याचा प्रश्नच येऊ नये अशा दोन वस्तू आहेत. पहिली गुंज. लाल-काळ्या सुंदर बिया खेळण्यात आणि माळांत वापरल्या जातात, परंतु त्या अत्यंत विषारी असून फुटलेली किंवा चावलेली गुंज जीवघेणी ठरू शकते. दुसरी, रिमोट आणि गाणाऱ्या खेळण्यांतील नाण्यासारखी चपटी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आतही गंभीर भाजते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठावे.

विकत घ्यायचेच झाल्यास १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेवढे पाहावे.

१३. मातीचा गोळा, रंग आणि डिंक घरी कसे करावेत? मूल तोंडात घालते.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, मोठा चमचाभर तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळावे आणि कोमट असताना मळावे. हवाबंद डब्यात हा गोळा दोन-तीन आठवडे टिकतो. यातील मीठ पोटात जाणे घातक असल्याने जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याला हा गोळा न देता पोळीच्या कणकेचा, हळद घालून मळलेला ताजा गोळा द्यावा.

रंगांसाठी हळद, बीट, पालक आणि गोकर्णाची फुले पुरेशी आहेत. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळताच ते जांभळे होते, आणि हळदीला साबणाचे पाणी लागले की ती लाल होते. चार वर्षांच्या मुलाला याहून मोठी जादू दाखवण्याची गरज नसते. बाजारच्या कुंकवाचा रंग करू नये, त्यात शिसे असू शकते.

डिंकाऐवजी मैद्याची खळ करावी: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, गुठळी न होऊ देता शिजवून. बुकबाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, आणि ‘टिकण्यासाठी’ ते घालण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. मोरचूद विषारी आहे. लागेल तेवढीच खळ करून दोन दिवसांत संपवावी.

१४. गोष्टींची पुस्तके घेणे परवडत नाही. काही मार्ग?

‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीवर’ या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावर मराठीत चित्रगोष्टी विनामूल्य वाचता आणि छापता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके अल्प किमतीची असतात. दोन वर्षांखालील मुलासाठी साडीच्या चौकोनांवर कापडी पाने शिवून त्यांवर घरातल्याच वस्तूंची चित्रे टाक्यांनी काढावीत. असे पुस्तक फाटत नाही आणि धुता येते.

१५. बोरन्हाण आणि पहिला वाढदिवस यांवर फार खर्च होतो. घरी कसे करावे?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येते, त्यामुळे सगळ्यांनी एकाच रविवारी भाड्याचे सभागृह शोधण्याचे कारण नाही. चंद्रकळा किंवा कोणतीही जुनी काळी सुती साडी असेल तर तिचे झबले शिवावे. हलव्याचे दागिने विकत न घेता घरी करावेत: पुठ्ठ्याचा मुकुट, बाजूबंद आणि हार कापून त्यावर खळीने हलवा चिकटवावा. तिळाच्या हलव्याची एक पुडी एका मुलाच्या दागिन्यांना पुरते. दागिन्यांतील दोरा लांब ठेवू नये आणि मूल ते चोखत बसणार नाही याकडे लक्ष द्यावे.

डोक्यावरून ओतायच्या वस्तूंत बदल करावा लागतो. बोरे, हरभरे, रेवड्या आणि गोळ्या खाली सांडतात आणि जमलेली सगळी लहान मुले त्या वेचून तोंडात टाकतात. अशा वेळी घशात अडकण्याचा संभव सर्वाधिक असतो. चुरमुरे भरपूर घ्यावेत, बोरे मोठी आणि मोजकी असावीत, आणि मुलांना लुटण्यासाठी गोळ्यांऐवजी कागदात गुंडाळलेले तिळगुळाचे मऊ लाडू ठेवावेत. दोन वर्षांखालील पाहुण्या बाळांना मांडीवरच धरावे.

वाढदिवसाविषयी एवढेच सांगतो, की वर्षाच्या मुलाला फुग्यांच्या कमानीपेक्षा एक रिकामे खोके अधिक आवडते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे तर नळीच्या कसोटीत (प्रश्न १२) सर्वांत वाईट ठरतात.

१६. दुसऱ्यांकडून वापरलेल्या वस्तू घ्याव्यात का?

कपडे, पुस्तके, लाकडी खेळणी, बाबागाडी, तीनचाकी सायकल निःसंकोच घ्याव्यात. रंगाचे पोपडे निघालेला जुना पाळणा घेऊ नये, कारण जुन्या रंगांत शिसे असे आणि मूल कठडा चावते. मोटारीतील बालआसन अपघातातून गेलेले आहे की नाही हे कळत नाही, म्हणून ते अनोळखी माणसाकडून घेऊ नये.

येथेच दुचाकीचा प्रश्न येतो. बाळाला ओढणीने पाठीशी बांधून नेण्याने पट्ट्याचे पैसे वाचतात, असे अनेक जण लिहितात. २०२२ मध्ये काढलेल्या आणि वर्षभराने लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. ओढणी हा पट्टा नव्हे. ती चाकात अडकण्याचा धोका तर वेगळाच आहे.

१७. आम्ही दोघे नोकरी करतो. हे सगळे करायला वेळ कुठून आणायचा?

सगळे करू नये. महिन्यातील एका रविवारी खिमट आणि नाचणीचे पीठ, आणि घरातले जुने कापड कापून ठेवणे, एवढे जमले तरी वरच्या हिशेबातला मोठा भाग साधतो. शिवाय जे मोफत मिळते ते घ्यायला संकोच वाटू देऊ नये. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना घरी नेण्याचा आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजे जेवण मिळते. वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणाची मदतही तेथेच होते.

१८. लहान झालेले कपडे पुढच्या बाळासाठी कसे साठवावेत? डांबराच्या गोळ्या टाकल्या तर चालतील का?

चालणार नाहीत. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थलिनची वाफ कपड्यांत मुरते, आणि ज्या बाळांत जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळात आहे की नाही हे बहुतेक घरांना आधी ठाऊक नसते. कापराचीही पुडी बाळाच्या हाती लागेल अशी ठेवू नये, कारण तो गिळल्यास लहान मुलाला झटके येतात. कपडे खळ न घालता धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावेत, सुती पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ती कपड्यांच्या मध्ये ठेवावी आणि दर दसऱ्याच्या सुमारास पाला बदलून कपडे पुन्हा उन्हे दाखवावीत. वापरायला काढल्यावर एकदा धुऊनच बाळाच्या अंगावर घालावेत.